आर्बोरियल
आर्बोरियल (विशेषण) : झाडाशी संबंधित, झाडावर राहणारा. मराठी प्रतिशब्द ‘वृक्षवासी’. लॅटिनमध्ये ‘आर्बोर’ म्हणजे झाड. त्यावरून ‘आर्बोरेउस’ हे विशेषण झालं आणि त्याला शेपूट जोडून इंग्रजीने सतराव्या शतकात हा शब्द घडवला. फ्रेंच ‘आर्ब्र’, इटालियन ‘आल्बेरो’, स्पॅनिश ‘आर्बोल’ हे त्याच खोडाचे फुटवे.

बागेतल्या वेलींच्या मांडवाला इंग्रजीत ‘आर्बर’ म्हणतात, तो मात्र या कुळातला नाही. त्याचं मूळ ‘हेर्बा’, म्हणजे गवत. झाडाच्या नावाशी उच्चार जुळला आणि स्पेलिंगही तसंच झालं. खरा भाऊबंद वर्कशॉपात सापडतो. लॅटिन ‘आर्बोर’ डोलकाठीलाही म्हणत. फ्रेंचमध्ये झाडाचाच शब्द यंत्राच्या दांड्याला लागला. मिलिंग मशीनवर ज्या दांड्यावर कटर चढवतात, तो आर्बर हाच. १९१०मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या सांगली जिल्ह्यात हा शब्द प्राणिशास्त्रापेक्षा कारखान्यात अधिक ऐकू येणार.

संस्कृतची कल्पना वेगळी. अमरकोशात माकडाच्या नावांत ‘शाखामृग’ आहे. इथे मृग म्हणजे हरीण नव्हे, जनावर. साताऱ्यापुरतं बोलायचं तर हे नाव वानरापेक्षा शेकरूला शोभतं. वानरं महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला खुशाल बसतात, शेकरू जमिनीला क्वचितच पाय लावतं.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शास्त्रीय नाव रटुफा इंडिका. वजन दीड ते दोन किलो, शेपटी अंगाएवढी किंवा त्याहून लांब. एका झाडावरून दुसऱ्यावर सुमारे वीस फुटांची झेप घेतं. मागच्या पायांनी फांदीला लटकून फळं खातं, काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं, तीही एकाहून अधिक. या राहणीला फांद्यांना फांद्या भिडलेलं रान लागतं. असं रान कोयना आणि चांदोलीत आहे. ही दोन्ही जंगलं मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पूर्वेकडे माण, आटपाडी, जतच्या माळावर बाभळी विरळ, मध्ये उघडी जमीन. तिथे शेकरू नाही.

पश्चिमेच्याच रानातले हरणटोळ आणि चापडा हे सापही वृक्षवासी. उदमांजराबाबत मात्र शब्द ताणावा लागतो : ते दिवसा झाडावर झोपतं आणि रात्री उंदीर, फळं शोधत खालीही उतरतं, म्हणून अशांना ‘अर्धवृक्षवासी’ म्हणतात.