देजिमाची वखार



दोन दूरदेशांचा संबंध म्हटला म्हणजे वकील, खलिते, नजराणे आणि तहनामे असा सरंजाम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु तहनाम्यावाचून आणि कायमच्या वकिलावाचूनही दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला एक संबंध इतिहासात नमूद आहे. तो हॉलंड आणि जपान या दोन देशांचा. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, तेच हे हॉलंडचे लोक. १६३७ साली कोकणात वेंगुर्ल्यास त्यांनी वखार घातली होती. सबब ही मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत.

१६०० साली 'लीफ्दे' नावाचे एक वलंदेज जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. रॉटरडॅमहून निघालेल्या पाच जहाजांपैकी तेवढेच एक तेथवर पोचले, आणि त्यावरील बहुतेक माणसे उपासमारीने व रोगाने मरणोन्मुख झालेली होती. जपानात त्या काळी बादशहा नामधारी असून खरी सत्ता शोगुनच्या हाती असे. छत्रपती साताऱ्यास आणि कारभार पुण्यास, तशातलाच हा प्रकार. लवकरच शोगुनपदी चढलेल्या तोकुगावा इयेयासूने या परक्यांना आश्रय दिला, आणि १६०९ साली वलंदेज कंपनीला व्यापाराचा परवाना मिळून हिरादो बंदरात तिची वखार सुरू झाली.

जपानात पोर्तुगीज त्यापूर्वीच येऊन पोचले होते. त्यांच्या व्यापाराबरोबर त्यांचे पाद्रीही येत, आणि धर्मांतराच्या पाठोपाठ परकी सत्ता येईल हे भय शोगुनांच्या मनात दिवसेंदिवस बळावत गेले. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे बंड झाले. त्यात ख्रिस्ती झालेले शेतकरी पुष्कळ होते. १६३९ साली पोर्तुगीजांना कायमची बंदी झाली. पुढच्याच वर्षी ती उठवावी अशी विनंती घेऊन मकावहून शिष्टमंडळ आले, तेव्हा त्यातील ६१ जणांचा शिरच्छेद करण्यात आला आणि बाकीच्या तेरांना ही वार्ता घरी सांगण्यासाठी जिवंत सोडण्यात आले. वकिलांची ही गत झाली. वलंदेज व्यापारी मात्र राहिले. कारण त्यांनी धर्मप्रसार केला नाही, माल तेवढा विकला.

तथापि त्यांचीही परीक्षा झालीच. हिरादोच्या नव्या दगडी वखारीवर ख्रिस्ती सन कोरलेला होता. एवढ्याच कारणावरून १६४० साली ती जमीनदोस्त करण्याचा हुकूम सुटला. वखारीचा मुख्य फ्रान्स्वा कारोन याने अवाक्षर न काढता त्याच दिवशी माणसे कामाला लावली. त्याने हुज्जत घातली असती, तर तेथील एकही वलंदेज बहुधा जिवंत राहिला नसता. १६४१ साली त्या सर्वांना नागासाकीच्या देजिमा बेटावर हलविण्यात आले.

देजिमा हे नैसर्गिक बेट नव्हे. पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी समुद्रात भर घालून ते १६३६ पर्यंत तयार केले होते. आकार पंख्यासारखा, क्षेत्रफळ चार एकरांहूनही कमी, किनाऱ्याशी जोडणारा एकच पूल आणि त्यावर पहारा. परवानगीवाचून वलंदेजाने बेटाबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, उघडपणे धर्माचरण करावयाचे नाही, आणि राहत्या जागेचे भाडे मात्र नेमाने भरावयाचे. मुख्यालाही वर्षाने बदलावे लागे. वर्षाकाठी बटाव्हियाहून वाऱ्याच्या हंगामाप्रमाणे थोडी जहाजे येत; १७१५ नंतर तर दोहोंपेक्षा अधिक जहाजांना मुभाच राहिली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हीच कंपनी, हेच निशाण. पण जायफळाच्या मक्त्यासाठी १६२१ साली बांदा बेटांवर तिने तेथील लोकांचा जवळजवळ निःपात केला होता. बांदास जी मालकीण झाली, ती देजिमाला भाडेकरू होऊन राहिली. व्यापाऱ्याचा स्वभाव दोन्ही ठिकाणी एकच होता. यजमानाचे सामर्थ्य तेवढे निराळे होते. शिवाय जपानची चांदी, आणि ती बंद झाल्यावर तांबे, कंपनीला आशियातील व्यापारासाठी हवे होते. ते तांबे हिंदुस्थानातही खपे, आणि आपल्याकडील कापड जपानात जाई. नफ्यासाठी तिने मान गहाण ठेवला, एवढाच याचा अर्थ.

हा मान किती गहाण पडला, हे एंगेलबेर्ट केम्पफर या जर्मन वैद्याने लिहून ठेवले आहे. वखारीच्या मुख्याला दरवर्षी नजराणा घेऊन एदोस, म्हणजे आजच्या तोकिओस, शोगुनच्या भेटीला जावे लागे. १६९१ व १६९२ साली केम्पफर त्या मंडळीत होता. मुख्याने गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावावयाचे, आणि मग पडद्याआड बसलेल्या शोगुनच्या करमणुकीसाठी बाकीच्यांनी नाचून, गाऊन, दारू प्यालेल्याचे सोंग करून दाखवावयाचे. याला दरबारी भेट म्हणावे की तमाशा, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

परंतु याच एदोच्या वाटेने कंपनीच्या जमाखर्चात न मांडलेला एक माल जपानात शिरला. १७२० साली शोगुन योशिमुने याने धर्माशी संबंध नसलेल्या परदेशी ग्रंथांवरील बंदी शिथिल केली. पुढे सुगिता गेन्पाकू या वैद्याच्या हाती शरीररचनेचे एक वलंदेज पुस्तक आले. त्याला ती भाषा येत नव्हती, पण चित्रे दिसत होती. १७७१ साली एदोतील वधस्थानी एका प्रेताचे विच्छेदन पाहण्यास तो व त्याचा मित्र माएनो र्योताकू गेले. दोघांजवळ तेच पुस्तक होते. प्रेतात जे दिसले ते पुस्तकातील चित्रांशी तंतोतंत जुळले; आजवर शिकलेल्या चिनी ग्रंथांशी जुळले नाही. दुसऱ्याच दिवशी मित्रमंडळी भाषांतरास बसली. पुरेसा कोश नाही, शिक्षक नाही. एकेका शब्दावर दिवस जाई. १७७४ साली 'काइताई शिन्शो' हा ग्रंथ छापून निघाला. मज्जातंतूला जपानी भाषेत आजही जो शब्द आहे, तो याच मंडळींनी घडविलेला आहे.

वखारीत माल आपोआप उतरतो. विद्या उतरवून घ्यावी लागते. याच वलंदेजांची वखार कोचीलाही होती. तेथे त्यांच्या अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी इट्टी अच्युतन् हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोकणी ब्राह्मण यांनी आपले ज्ञान दिले. येथे विचारणारे वलंदेज होते. देजिमाला विचारणारे जपानी होते. ज्याने विचारले, त्याचा लाभ झाला.

हा लाभ फुकटचा नव्हता. १६३५ पासून जपानी मनुष्याला परदेशी जाण्यास बंदी होती व तिचा भंग केल्यास देहान्त शासन होते. वखारीचा वैद्य सीबोल्ट याला देशाचे नकाशे दिल्याच्या आरोपावरून राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासू याला पकडण्यात आले, आणि १८२९ साली तो तुरुंगातच वारला. जी भिंत परक्याला अडविते, ती घरच्या जिज्ञासूलाही अडविते.

१८१० साली नेपोलियनने हॉलंड देशच खालसा केला. १८११ साली जावा इंग्रजांनी घेतला. तरीही हेन्ड्रिक डूफ या मुख्याने देजिमावरील निशाण उतरू दिले नाही. पुढे १८४४ साली हॉलंडचा राजा दुसरा विल्यम याने, चीनची दशा पाहून वेळीच दारे उघडावीत, असे शोगुनला कळविले. उत्तर आले की, तुमच्याशी आमचा संबंध व्यापाराचा, पत्रव्यवहाराचा नव्हे; पुन्हा पत्र पाठवू नये. नऊ वर्षांनी अमेरिकन आरमार दाराशी येऊन उभे राहिले. तेव्हा जपानी अधिकारी त्या अमेरिकनांशी ज्या युरोपीय भाषेत बोलू शकले, ती वलंदेजच होती.

१८५९ साली वखारीचे काम संपले. त्याच वर्षी वलंदेज भाषा शिकलेला फुकुझावा युकिची हा तरुण योकोहामाच्या पेठेत गेला, तो तेथील इंग्रजी पाट्यांपैकी एकही त्याला वाचता येईना. तो निराश झाला, परंतु लगेच इंग्रजीच्या अभ्यासास लागला. भाषा जुनी झाली. शिकण्याची सवय जुनी झाली नाही. वलंदेजांनी नेलेली चांदी केव्हाच खर्चून गेली. जपानने त्यांच्याकडून जे घेतले, ते मात्र अजून त्याच्या पदरी आहे.