काळी लिंबं, पांढरा रुमाल : जुन्या फोटोतलं तैलचित्र कसं वाचावं

सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झालं. त्याचं नाव निघालं की आपल्याला दादासाहेब फाळके आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून ते इथे आले आणि तैलरंग नि छायाचित्रण या दोन्ही विद्यांवर त्यांनी इथे हात बसवला. या दोन विद्या एकाच गावात शेजारी शेजारी नांदल्या, म्हणून आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घरात भिंतीवर तैलचित्र आणि ट्रंकेत त्याच चित्राचा फोटो, अशी जोडी सापडते. अशी जोडी हाती आली तर दोहोंचा ताळा कसा घालायचा, हा या टिपणाचा विषय.

मंडळातर्फे आम्ही घरोघरच्या चित्रांची नोंद करतो. त्यात एका वाड्यात असं चित्र मिळालं. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे ते कलाभवनात शिकलेल्या पणजोबांचं. विषय साधा, चित्रशाळेत शिकवतात तसलं स्थिरचित्र : तांब्याची घागर, चार पिवळी लिंबं, अडकित्ता आणि खाली फिक्या निळ्या रंगाचा रुमाल. सोबत कृष्णधवल फोटो, त्याच्या पाठीवर शाईनं १९१९. फोटोत मात्र लिंबं जांभळासारखी काळी, घागर त्याहून काळी आणि रुमाल पांढराफेक. त्यावरून घरात दोन पिढ्या एक समज पक्का झालेला, की मूळ चित्र कधीच विकलं गेलं, भिंतीवर आहे ती कुणीतरी रंग बदलून केलेली नक्कल. वाडा पाडायला निघाला होता. ‘नक्कल कशाला सांभाळायची, कुणाला हवी तर देऊन टाकू,’ इथपर्यंत गोष्ट आलेली.

मी शिक्षणानं इंजिनिअर. चित्राआधी मी फोटोच्या काचेचा विचार केला.

सुरुवातीच्या काचांवरच्या रसायनाला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. पिवळी किंवा लाल वस्तू निळा प्रकाश फारसा परतवत नाही, म्हणून फोटोत ती काळी उतरे. निळी वस्तू उलट पांढरी पडे. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही टिपायला लावलं. लाल तरीही काळाच राहिला. सगळे रंग टिपणाऱ्या काचा इंग्लंडात १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. पण साध्या काचा त्यानंतरही बरीच वर्षं विकल्या जात होत्या. त्या लाल दिव्यात धुता येत, नव्या काचांना मिट्ट काळोख लागे. छोट्या स्टुडिओला कुठली परवडेल, हे सांगायला नको.

स्थिरचित्राचा इथे मोठा उपयोग होतो. व्यक्तिचित्रातल्या शेल्याचा रंग कुणाला ठाऊक? पण लिंबू पिवळं आणि तांबं तांबूस, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. म्हणून स्थिरचित्राच्या फोटोवरून काच ओळखता येते. लिंबू काळं असेल तर काच साधी. लिंबू उजळ पण टोमॅटो काळा असेल तर मधल्या जातीची. दोन्ही डोळ्यांना दिसतात तसे मधल्या करड्या छटांत असतील तर सर्वरंगी.

मग पडताळा घेतला. डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात : लाल, हिरवा, निळा. चित्राचा नवा फोटो काढून त्यातला फक्त निळा आकडा ठेवला, बाकीचे दोन टाकले. पडद्यावर लिंबं काळी झाली, घागर काळी आणि रुमाल पांढरा. जुन्या फोटोशी मेळ बसला.

पण एवढ्यानं काम संपत नाही. त्याच रंगांत केलेली नक्कलही हीच परीक्षा पास होईल. रंगाच्या फरकावरून चित्राला नक्कल म्हणता येत नाही, इतकंच यातून ठरलं. पुढचा पुरावा रंगाच्या जाडीत होता. तैलचित्रात सावल्या पातळ रंगात लावतात आणि चकाकीचा ठिपका शेवटी जाड पांढऱ्या रंगानं ठेवतात. त्या रंगाला ब्रशच्या केसांचे उंचवटे येतात. जुन्या फोटोत उजेड डावीकडून, बहुधा खिडकीचा, तिरपा पडलेला होता आणि उंचवट्यांच्या बारीक सावल्या भिंगाखाली दिसत होत्या. आम्ही डावीकडून तसाच तिरपा दिवा लावून दुसरा फोटो काढला. चारही लिंबांवरच्या चकाकीचे वळ आणि घागरीच्या काठावरचा एक थेंब, जागच्या जागी जुळले. नक्कल करणारा आकार उतरवील, रंग उतरवील, पण ब्रशच्या केसांचे ओरखडे त्याला तसेच्या तसे उतरवता येणार नाहीत. फोटोतलं चित्र ते हेच. आज ते घरातल्या नातीकडे आहे.

नोंदीसाठी फोटो काढणाऱ्यांनी एवढं पाळावं. चित्र काचेमागे असेल तर काच काढावी. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर, भिंग चित्राशी काटकोनात. एकाच जातीचे दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. खिडक्या बंद, खोलीतले बाकी दिवे बंद. फ्लॅश नको, त्याची चकाकी थेट भिंगात येते. तरीही वार्निश चमकत असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग कागद आणि भिंगावर तसाच फिल्टर लावून तो चमक जाईपर्यंत फिरवावा. एका फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी हवीच. कॅमेऱ्याला रंग आपोआप ठरवू देऊ नये. पिवळं पडलेलं वार्निश हा दोष समजून तो रंग ‘दुरुस्त’ करतो आणि आपल्या नोंदीतून शंभर वर्षं पुसली जातात. मूळ फाइल रॉ स्वरूपात जपावी. शेवटी तिरप्या उजेडातला एक फोटो आणि चित्राच्या पाठीचा एक.

हे सगळं चित्रांपुरतं नाही. आपल्या संग्रहातल्या लग्नाच्या जुन्या फोटोंखाली ‘काळा शालू’ अशी नोंद दोन ठिकाणी आहे. त्याच फोटोंत कपाळावरचं कुंकूही काळंच आहे. म्हणून शालूचा रंग लिहिण्याआधी कुंकवाकडे एकदा पाहावं.