प्रोटोकॉल-आवृत्ती, संगणकीय : निश्चिती व इतिहास

संगणकांच्या जाळ्यात सेवा मागणारी आज्ञावली व सेवा पुरविणारी आज्ञावली यांच्यातील संभाषण ठराविक नियमांनी बांधलेले असते. या नियमसंचास प्रोटोकॉल, मागणाऱ्या बाजूस क्लायंट व पुरविणाऱ्या बाजूस सर्व्हर असे म्हणतात. नियमसंचात कालमानानुसार सुधारणा होऊन त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघतात. परंतु दोन्ही बाजू वेगवेगळ्या मालकांच्या ताब्यात असल्यामुळे त्या एकाच वेळी सुधारल्या जात नाहीत. म्हणून संभाषणाच्या आरंभीच कोणती आवृत्ती वापरावयाची, हे दोहोंना आपसांत ठरवून घ्यावे लागते. या कृतीस आवृत्ती-निश्चिती किंवा आवृत्तीची वाटाघाट म्हणतात. दोहोंना येत असलेल्या आवृत्त्यांपैकी सर्वांत नवी निवडावी, हा तिचा सर्वसाधारण नियम होय. नियम एका वाक्यात मावणारा आहे. त्याचा इतिहास मात्र बराचसा तो न पाळणाऱ्यांचा आहे.

जुने व नवे काही काळ एकत्र चालविण्याची अडचण संगणकापुरतीच नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा विद्युत् पुरवठा १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर टप्प्याटप्प्याने नेण्यात आला. नवी मुंबईतील नेरूळ स्थानक ज्यावर आहे त्या हार्बर मार्गाची पाळी एप्रिल २०१६ मध्ये आली. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालू शकणाऱ्या गाड्या असल्यामुळेच हे स्थित्यंतर वाहतूक बंद न ठेवता घडू शकले. मात्र तेथे मार्ग व गाड्या एकाच प्रशासनाच्या होत्या आणि प्रवाह कोठे बदलतो हे आधीच ठाऊक होते. संगणकाच्या जाळ्यात समोरच्याची क्षमता आधी ठाऊक नसते. ती विचारावी लागते. एका तारखेस सर्वांनी बदलावे, हा मार्ग एकदा यशस्वी झाला. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. त्या वेळी जाळ्यातील संगणक काही शेच होते. पुढे असा दिवस ठरविणे कोणाच्याच हाती राहिले नाही.

महाराष्ट्रातील आरंभ : भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट हा प्रकल्प इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केला. त्यात मुंबईच्या जुहू भागातील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सहभागी होती. ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली व तिचे एक केंद्र नेरूळच्या पुढे, खारघर स्थानकासमोर बेलापूर येथे उभे राहिले. जुहूची ही संस्था व पवईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था यांच्यात १९८६-८७ मध्ये दूरध्वनी मार्गावरून इलेक्ट्रॉनीय टपालाची देवघेव सुरू झाली. तीसाठी युनिक्स प्रणालीतील यूयूसीपी ही आज्ञावली वापरात होती.

आवृत्ती-निश्चितीचा एक साधा व नमुनेदार प्रकार याच आज्ञावलीत आढळतो. दूरध्वनी लागल्यावर बोलाविलेला संगणक ‘मी येथे आहे’ अशा अर्थाची खूण पाठवी. बोलावणारा आपले नाव सांगे. ते मान्य झाल्यावर पहिला संगणक आपणास येत असलेल्या प्रेषण-पद्धतींची यादी ‘पी’ या अक्षरामागे एकेका अक्षराने मांडी. ‘जी’ ही पद्धत गोंगाटाच्या दूरध्वनी मार्गासाठी होती. तीत मजकुराचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाची बेरीज तपासली जाई व बिघडलेला तुकडा पुन्हा मागविला जाई. ‘टी’ ही पद्धत मुळातच बिनचूक अशा टीसीपी मार्गासाठी, तर ‘एफ’ ही सात द्वयंकच वाहून नेणाऱ्या मार्गासाठी होती. यादीतून एक पद्धत निवडून दुसरा संगणक ‘यू’ अक्षरामागे तिचे नाव कळवी. जुळणारी एकही नसल्यास ‘यू-एन’ असे कळवून संभाषण संपवी. यात आवृत्तीला क्रमांक नाही, नवे-जुने असा भेद नाही. मार्गाला साजेशी रीत निवडणे एवढाच हेतू आहे. पुढे तीस वर्षांनी विद्वानांनी मोठ्या खटाटोपाने ज्या ठिकाणी परत यावे, ते हेच ठिकाण होते.

एर्नेटला याहून मोठी निवडही करावी लागली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा ओएसआय हा संच व अमेरिकेत रूढ झालेला टीसीपी/आयपी हा संच यांपैकी कोणता टिकेल, हे त्या काळी निश्चित नव्हते. म्हणून एर्नेटच्या भाड्याच्या वाहिन्यांवर दोन्ही संच बरोबरीने चालविण्यात आले. दिल्ली–मुंबई ही सेकंदाला ९,६०० द्वयंकांची वाहिनी १९९१ मध्ये सुरू झाली आणि पुढील वर्षी मुंबईहून अमेरिकेकडे ६४,००० द्वयंकांचा दुवा मिळाला. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली. ही वाटाघाट यंत्रांनी नव्हे, तर वापरणाऱ्यांनी केली.

टपालाचा धडा : इलेक्ट्रॉनीय टपालाच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलची १९८२ ची मांडणी केवळ सात द्वयंकांच्या रोमन अक्षरांपुरती होती. तीत क्लायंटचा पहिला शब्द ‘हेलो’ हा असे. १९९३ मध्ये विस्तारित क्षमतांची सोय करताना नवा क्रमांक न काढता केवळ हा शब्द बदलून ‘एहलो’ करण्यात आला. नवा सर्व्हर त्यावर आपल्या क्षमतांची यादी सांगे. जुना सर्व्हर ‘आज्ञा अपरिचित’ असे उत्तर देई व क्लायंट निमूटपणे जुन्या शब्दावर येई. ही युक्ती साधली याचे श्रेय नव्या रचनेपेक्षा जुन्या शिस्तीस अधिक आहे. न समजलेल्या आज्ञेस त्रुटीचे उत्तर द्यावे पण संभाषण तोडू नये, हे १९८२ मध्येच ठरलेले होते व ते बहुतेकांनी पाळले. अज्ञानाची कबुली देण्याची रीत आधी घालून ठेवणे, हे येथे फळास आले.

गुप्तसंकेतन व अवनती : जेथे ही रीत पाळली गेली नाही, तेथे काय झाले याचे उदाहरण गुप्त संभाषणासाठी असलेल्या एसएसएल व तिच्या वारस टीएलएस या प्रोटोकॉलांचे आहे. नेटस्केप कंपनीने एसएसएलची दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसृत केली. तीत आरंभीची बोलणी सुरक्षित नसल्याने वाटेतील त्रयस्थास ती बदलून दोघांनाही कमकुवत पद्धतीवर उतरविता येई. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत बोलण्यांच्या शेवटी सर्व देवघेवीचा गोषवारा पडताळण्याची तरतूद झाली. त्यानंतर टीएलएस १.० (१९९९), १.१ (२००६) व १.२ (२००८) या आवृत्त्या आल्या.

नियम स्पष्ट होता : क्लायंटने आपली सर्वोच्च आवृत्ती सांगावी आणि सर्व्हरला ती येत नसल्यास त्याने आपली खालची कळवावी. परंतु अनेक सर्व्हर अपरिचित क्रमांक दिसताच संभाषण तोडून टाकीत. ते तयार झाले तेव्हा पुढचा क्रमांक अस्तित्वात नव्हता, त्यामुळे हा दोष कोणाच्या ध्यानी आला नाही. ग्राहकाची गैरसोय टाळण्यासाठी ब्राउझर संभाषण तुटल्यावर आपणहून खालची आवृत्ती घेऊन पुन्हा प्रयत्न करू लागले. या सौजन्यातून मोठे भोक पडले. संभाषण सर्व्हरने तोडले की वाटेतील चोराने, हे ब्राउझरला कळण्याचा मार्ग नव्हता. पडताळणीची तरतूदही निरुपयोगी ठरली, कारण प्रत्येक नवा प्रयत्न स्वतंत्र होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ‘पूडल’ हा हल्ला जाहीर केला. त्यात ब्राउझरला अशा रीतीने १९९६ च्या आवृत्तीपर्यंत उतरवून गुप्त मजकूर थोडाथोडा उलगडता येत असे. सुरक्षिततेची नवी आवृत्ती दोन्ही बाजूंना येत असूनही ती वापरली जात नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य झालेल्या टीएलएस १.३ ने या अनुभवापुढे हात टेकले असेच म्हणावे लागते. तिचा क्लायंट नेहमीच्या जागी आपली आवृत्ती १.२ असल्याचे सांगतो आणि खऱ्या आवृत्त्यांची यादी वेगळ्या विस्तारात जोडतो. जुने सर्व्हर ती दुर्लक्षितात. यूयूसीपीची अक्षरांची यादी ती हीच. शिवाय नव्या सर्व्हरला जुन्या आवृत्तीवर उतरावे लागल्यास तो आपल्या यादृच्छिक संख्येच्या अखेरीस अवनती-दर्शक इंग्रजी शब्दाची सात अक्षरे पेरतो; दोन्ही बाजू नव्या असताना ती खूण दिसली, तर क्लायंटने संभाषण थांबवावयाचे असते. २०२० मध्ये आणखी एक उपाय प्रसिद्ध झाला. त्यानुसार क्लायंट मुद्दाम अर्थहीन मूल्ये यादीत मिसळतो, जेणेकरून अपरिचित गोष्ट दुर्लक्षिण्याची सर्व्हरची सवय मोडू नये. न वापरलेली बिजागरी गंजते, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या आवृत्त्या केव्हा बंद कराव्यात, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पैसे देण्याच्या कार्डांच्या उद्योगाने जुन्या आवृत्त्या सोडण्यासाठी ३० जून २०१८ ही मुदत घातली होती. प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये टीएलएस १.० व १.१ बंद केल्या आणि मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे त्याज्य ठरल्या. अँड्रॉइड प्रणालीत टीएलएस १.२ आपोआप चालू राहण्याची सोय ५.० या आवृत्तीपासून झाली. तीपूर्वीचा दूरध्वनी बाळगणाऱ्यास अशा वेळी ‘जोडणी झाली नाही’ एवढेच कळते. आपली आवृत्ती नाकारली गेली हे कळत नाही. बँकेने दार बंद करणे योग्यच होते, तथापि नवा दूरध्वनी घेऊ न शकणाऱ्याच्या पदरी त्या निर्णयाचा खर्च पडला.

देवनागरी पत्ते : मराठी वाचकाशी या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध टपालाच्या पत्त्यांत येतो. ‘नेरूळ’ हे नाव युनिकोडमध्ये ५ संकेतांकांचे व यूटीएफ-८ या रूपात १५ अष्टकांचे होते. १९८२ च्या नियमांत त्यास पत्त्यात जागाच नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एसएमटीपीयूटीएफ८’ ही क्षमता प्रमाणित झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये मराठीसह देवनागरी लिपीतील भाषांसाठी ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. क्षेत्रनामास रोमन अक्षरांतील पर्यायी रूप असते, त्यामुळे ते जुन्या सर्व्हरांतूनही पार पडते. चिन्हाच्या डावीकडील व्यक्तिनामास असे रूप नाही. पूर्वीच्या प्रायोगिक मांडणीत वाटेतच पत्ता रोमनमध्ये उतरविण्याची सोय होती. अंतिम मानकात ती वगळण्यात आली. त्यामुळे नेरूळच्या रहिवाशाने देवनागरी पत्त्यावर पाठविलेल्या पत्राच्या वाटेतील प्रत्येक सर्व्हरने ‘एहलो’च्या उत्तरात ही क्षमता सांगितली पाहिजे. एकाने जरी ती सांगितली नाही, तरी पत्र तेथूनच पाठविणाऱ्याकडे परत येते.