दुगाडचे धुके

जानेवारी 1779, वडगाव. मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडली. माघारीत तिची पिछाडी सांभाळली कॅप्टन जेम्स हार्टलीच्या शिपायांनी. मुंबईच्या पलटणींतले हे शिपाई बरेचसे इकडचेच : मराठे, महार, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल ज्यू. इंग्रजांना तह करावा लागला. पण कवायती पलटण पाय रोवून उभी राहिली की काय होते, हे तिथेच दिसले होते.

13 नोव्हेंबर 1780. इंग्रज जनरल गॉडार्ड वसईच्या किल्ल्यापुढे आला. किल्ला 41 वर्षे मराठ्यांकडे होता. चिमाजी अप्पांनी तो 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला होता. वेढा गॉडार्डचा. घाटावरून येणारी कुमक अडवायचे काम हार्टलीचे. तो आता कर्नल होता.

28 नोव्हेंबर. 900 यार्डांवरून तोफा सुरू झाल्या.

9 डिसेंबर. तोफा 500 यार्डांवर आल्या. किल्ल्याचे आता दिवसच मोजायचे उरले होते.

10 डिसेंबर. भिवंडीजवळचे दुगाड. उत्तरेच्या मोहिमेत नाव कमावलेले मराठा सरदार रामचंद्र गणेश कानडे सुमारे 20,000 फौजेनिशी हार्टलीवर चालून गेले. हार्टलीकडे लढण्याजोगी माणसे सुमारे 2,000. फळी फुटली नाही.

11 डिसेंबर, दिवस. दुगाडवर पुन्हा हल्ला, फळी तशीच. त्याच दिवशी वसईचा किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ज्याच्यासाठी मराठा फौज झुंजत होती, ते ठिकाण गेले होते. लढाई थांबली नाही.

11 डिसेंबर, रात्र. हार्टलीच्या उजव्या अंगाला एक उंचवटा होता. तो हाती आला तर सगळी छावणी माऱ्याखाली येणार, हे दोन्ही बाजूंना दिसत होते. अंधारात हार्टलीच्या शिपायांनी तिथे छातीइतका आडोसा उभारला. एक तोफ वर चढवली. एवढेच काम. रात्र संपायच्या आत झाले.

12 डिसेंबर, पहाट. दाट धुके. त्याच्या आडून अरब पायदळ आणि नरोना या पोर्तुगीज अधिकाऱ्याचे कवायती शिपाई उंचवट्याकडे निघाले. पुढे स्वतः रामचंद्र गणेश.

12 डिसेंबर, सकाळ. धुके एकाएकी विरले. चाल करणारे उघड्यावर, समोर रात्रीचा आडोसा आणि भरलेली तोफ. रामचंद्र गणेश ठार झाले. नरोना जखमी झाला. फौज मागे फिरली.

1782. सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. शेजारचे साष्टी बेट मात्र मिळाले नाही.

31 डिसेंबर 1802. याच वसईत पेशवा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीचे किमान 6,000 कवायती देशी पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, अशी त्यात अट होती. दुगाडच्या उंचवट्यावर ज्या पलटणींनी वाट अडवली, तशाच पलटणी आता पेशव्याच्या खर्चाने त्याच्याच घरात राहणार होत्या.