घड्याळ दुरुस्त करावे की गट पाडावेत?

असमान शरीरांची शर्यत लावायची तर मार्ग दोन. सारख्याला सारख्याशी भिडवायचे, म्हणजे गट पाडायचे. किंवा सगळ्यांना एकाच मार्गावर सोडून मागाहून प्रत्येकाची वेळ ठरलेल्या गुणकाने दुरुस्त करायची. पहिला मार्ग आपल्या परिचयाचा आहे, कुस्तीचे वजनी गट हा त्याचाच नमुना. दुसरा ऐकताच माणूस बिचकतो. जो आधी पोहोचला तो हरला, असे निकालपत्रक कोणाला पटेल? तरीही दिव्यांगांच्या अल्पाइन स्की शर्यतींनी हाच दुसरा मार्ग धरला आहे, आणि दिव्यांगांच्या जलतरणाने पहिला.

सोलापुरातून हा प्रश्न पाहण्यात थोडी गंमत आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडणाऱ्या या जिल्ह्याचा बर्फाशी संबंध नाही. पण करमाळा तालुक्याने देशाला सुयश जाधव हा जलतरणपटू दिला. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्यांचे दोन्ही हात कोपराखाली गेले. जलतरणात त्यांची नोंद ‘एस ७’ या वर्गात आहे. २०१८ च्या जकार्तातील आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण त्यांनी याच वर्गात मिळवले. रिओ आणि टोकियो या दोन पॅरालिम्पिकमध्येही ते उतरले, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचेच शरीर दोन्ही पद्धतींच्या मापात घालून पाहिले, की या दोन पद्धती कुठे वेगळ्या होतात ते स्पष्ट दिसते.

आधी पाण्याचे माप. तज्ज्ञ खेळाडूला बाकावर तपासतात, मग पाण्यात. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवाची उरलेली लांबी यांना गुण मिळतात. जाधव ज्या पद्धतीत घडले तिच्यात पूर्ण सक्षम शरीराला ३०० गुण धरतात: हातांचे १३०, पायांचे १००, धडाचे ५०, उरलेले उडीचे आणि वळणाचे. १९१ ते २१५ गुणांत बसणारा एस ७ ठरतो. यात लक्षात घेण्याजोगे हे, की वर्ग निदानावरून ठरत नाही. एस ७ मध्ये दोन्ही हात नसलेला, एका बाजूने लुळा आणि उंचीने खुजा असे तिघे शेजारच्या लेनमध्ये असू शकतात. प्रश्न एवढाच, की पाणी मागे रेटायला शरीरात किती बळ उरले आहे. ब्रेस्टस्ट्रोकची नोंद ‘एसबी’ अशी वेगळी ठेवतात, कारण त्या प्रकारात पायांचा वाटा वाढतो.

आता बर्फ. तिथे खेळाडूंचे तीन गट आहेत: उभे, बसून उतरणारे आणि दृष्टिबाधित. प्रत्येक गटाच्या पोटात वर्ग आहेत. उभ्यांमध्ये ‘एलडब्ल्यू २’ म्हणजे एका पायावर उतरणारा, हातांत टोकाला छोटी स्की लावलेल्या कुबड्या. ‘एलडब्ल्यू ६/८’ म्हणजे एक हात बाधित, एक काठी. ‘एलडब्ल्यू ५/७’ म्हणजे दोन्ही हात बाधित, काठी एकही नाही. जाधव उद्या उतारावर गेले तर त्यांची जागा इथे. बसून उतरणाऱ्यांचे १० ते १२ असे तीन वर्ग आहेत. धडावर ताबा जितका कमी, तितका आकडा खालचा. त्यांचे आसन एका चौकटीवर, चौकटीला धक्के शोषणारी यंत्रणा आणि खाली एकच स्की. दृष्टिबाधिताच्या पुढे वाटाड्या उतरतो आणि संपर्कयंत्रावरून वळणे सांगत जातो. स्लोव्हाकियाची हेन्रिएता फारकाशोवा २०१८ च्या प्याँगचांगमध्ये चार सुवर्णपदके जिंकली ती नतालिया शुब्रतोवाच्या आवाजामागे. पदक दोघींनाही मिळते, आणि ते योग्यच आहे.

पदक मात्र वर्गाला नाही, गटाला. एकाच गटातल्या निरनिराळ्या वर्गांची वेळ त्या-त्या वर्गाच्या गुणकाने गुणतात आणि दुरुस्त झालेल्या वेळेवर क्रम लावतात. समजा, एकाने ६०.०० सेकंद घेतले आणि त्याचा गुणक ०.९० आहे, दुसऱ्याने ५६.५० घेतले, गुणक ०.९७. (आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.) पहिल्याची दुरुस्त वेळ ५४.०० येते, दुसऱ्याची ५४.८१. साडेतीन सेकंद मागून आलेला जिंकला. पहिल्याचा गुणक ०.९० ऐवजी ०.९२ असता तर त्याची वेळ ५५.२० झाली असती आणि तो हरला असता. मिनिटभराच्या शर्यतीत गुणकाचा एक शतांश म्हणजे सहा दशांश सेकंद. आणि या खेळात पदके शतांश सेकंदांनी हुकतात. तेव्हा गुणक ठरवणारा माणूसही उतारावर, न दिसता, शर्यतीत असतोच.

मग ही उठाठेव कशासाठी? उत्तर खेळाडूंच्या संख्येत आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत अल्पाइन स्कीच्या पदकस्पर्धा ५३ होत्या, कारण पदके वर्गवार दिली जात. मोजके स्पर्धक इतक्या वर्गांत विभागले, की शर्यतीचा दमच जातो. २००६ च्या तोरीनोत तीन गट आणि गुणक आले आणि स्पर्धा २४ वर आल्या. सुपर कंबाइंड हा शर्यतीचा प्रकार धरून २०२२ च्या बीजिंगमध्ये त्या ३० होत्या. त्याउलट टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाच्या पदकस्पर्धा १४६ होत्या! तलाव जगभर आहेत, तिथे बहुतेक वर्गांना पुरेसे पोहणारे मिळतात. बर्फ, उतार, वर नेणारे पाळणे आणि महागडी साधने फार थोड्या देशांकडे आहेत. भारताने २०२२ पर्यंतच्या एकाही हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये खेळाडू उतरवलेला नाही.

संख्येचे कारण व्यवहाराचे झाले. शास्त्राचा प्रश्न पुढे येतो: वेळेला एका आकड्याने गुणणे मुळात बरोबर आहे का? गुणाकारात एक गृहीतक दडलेले असते, की अपंगत्वामुळे होणारे नुकसान शर्यतीच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. पाण्यात हे बऱ्याच अंशी खरे ठरेल. तिथे शरीर हेच इंजिन आहे. हात नसेल तर त्याची किंमत प्रत्येक मीटरला मोजावी लागते. उतारावर इंजिन गुरुत्वाकर्षणाचे. खेळाडूला वेग कमवायचा नसतो, राखायचा असतो. सरळ, तीव्र उतारावर त्याला अडवतात ते हवा आणि बर्फाचे घर्षण. तिथे हात नसल्याने फारसे बिघडत नाही, आणि आसनात बसलेला खेळाडू तर ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. नुकसान होते ते वळणावर. स्कीची धार एका बाजूवरून दुसरीवर नेताना, तोल सुटता-सुटता सावरताना, सुरुवातीच्या फाटकातून स्वतःला ढकलताना. काठी नसलेल्याला ते ढकलणे पहिल्याच क्षणी महाग पडते, आणि ते नुकसान एकदाच होते, दर मीटरला नाही. म्हणून वळणे कमी असलेल्या डाउनहिलमध्ये वर्गावर्गांतले अंतर कमी, तर जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेण्याच्या स्लॅलममध्ये जास्त असणार. नियमांनी हे ओळखले आहे. प्रत्येक प्रकाराचा गुणक वेगळा असतो. पण एकाच प्रकारातही आजचा उतार कडक बर्फाचा असतो आणि उद्याचा मऊ, आणि मऊ बर्फात एका पायावरचा खेळाडू दोन पायांवरच्यापेक्षा लवकर थकतो. हे गुणकाला कळत नाही.

दुसरी अडचण आकडेवारीची. गुणक मागील निकालांवरून काढायचा, आणि एखाद्या वर्गात जगात मोजकेच खेळाडू असतील तर त्यांतला एक असामान्य निघताच सगळा हिशेब त्याच्याकडे झुकतो. जर्मनीच्या गेर्ड शोनफेल्डरने उजवा हात गमावल्यानंतर पॅरालिम्पिकची १६ सुवर्णपदके मिळवली. अशा माणसाच्या वेळेवरून त्याच्या वर्गातल्या सगळ्यांचे मोजमाप केले, तर त्याच्या कर्तृत्वाचा दंड बाकीच्यांनी भरायचा. आणि त्याला गाळले, तर सरासरीला अर्थ किती? माझ्या मते गुणकाचा मोठा गुण हा, की तो आपली अपूर्णता उघड आकड्यात मांडतो. आकड्यावर वाद घालता येतो. जलतरणाच्या वर्गपद्धतीतही तेच अंदाज असतात, पण ते सीमारेषेत लपतात: २१५ गुणांचा एस ७ आणि २१६ चा एस ८ यांच्यात एका गुणाचे अंतर असते आणि नशिबात मात्र अख्ख्या वर्गाचे. टोकियोत थाळीफेकपटू विनोद कुमारचे कांस्यपदक दुसऱ्या दिवशी गेले, कारण तपासणीत तो त्या वर्गात बसत नाही असे ठरले. वर्गपद्धतीत रेषा ओलांडली की सगळेच जाते. गुणकात तीच चूक काही दशांशांची असते.

इतिहासात या दोन वाटा फार लांबच्या नाहीत. १९४८ साली लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला चाकाच्या खुर्चीवरील १६ रुग्णांची तिरंदाजी भरवली. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनला दिव्यांग स्कीपटूंची, नोंद असलेली पहिली अजिंक्यपद स्पर्धा १७ जणांत झाली. दोन्हींच्या मागे महायुद्धातले जखमी होते. आपल्याकडेही तसेच घडले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर १९७२ च्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्याच स्पर्धेत ते स्लॅलमच्याही अंतिम फेरीत होते. ते स्लॅलम चाकाच्या खुर्चीचे, सपाट जमिनीवर खुणांमधून वाट काढण्याचे. कसब एकच, वेग न सोडता वळणे.

या साऱ्याचा उपयोग बर्फापुरताच आहे असे मला वाटत नाही. जिल्हा पातळीवरच्या दिव्यांग स्पर्धेत एका वर्गात दोघे-तिघे आले, की वर्गवार पदके देऊन कोणाचेच समाधान होत नाही. सॉल्ट लेक सिटीची अडचण इथे छोट्या आकारात उभी राहते. सोलापूरच्या तलावात एस ६, एस ७ आणि एस ८ चे पोहणारे एकत्र उतरवून गुणकाने निकाल लावता येईल. गुणकासाठी त्या-त्या वर्गाचे एकट्याचे जागतिक विक्रम न घेता, राष्ट्रीय स्पर्धांतील पहिल्या काही जणांच्या वेळेची सरासरी घ्यावी, म्हणजे शोनफेल्डरची अडचण थोडी टळेल. प्रारंभ ५० मीटर फ्रीस्टाइलपासून करावा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वर्गच वेगळे पडतात, तिथे आधी वेगळी आकडेवारी गोळा करावी लागेल.