प्रसूतिप्रवर्तन

प्रसूतिप्रवर्तन : नैसर्गिक वेणा सुरू होण्यापूर्वी औषधाने अथवा अन्य उपायाने त्या सुरू करण्याच्या क्रियेस ‘प्रसूतिप्रवर्तन’ म्हणतात. जन्माचा दिवस ठरविण्याचे सामर्थ्य या क्रियेमुळे वैद्याच्या हाती आले. इंग्लंडमधील तिचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

श्रोणी अरुंद असलेल्या स्त्रीची प्रसूती मुदतीपूर्वी घडवून आणणे नीतीला धरून आहे काय, याचा लंडनमधील वैद्यांनी १७५६ मध्ये विचारविनिमय केला व अनुकूल मत दिले, असे टॉमस डेन्मन यांनी नमूद केले आहे. त्यासाठी उल्ब (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडीत. प्रश्न मातेच्या प्राणांचा होता; सोयीचा नव्हता.

पोष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे १९०६ मध्ये हेन्री डेल यांना आढळले. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाचे संश्लेषण केले. शुद्ध औषध शिरेवाटे थेंबाथेंबाने देणे शक्य झाले आणि प्रवर्तन ही नित्याची बाब बनली. सर्व प्रसूती रुग्णालयात होण्याची सोय असावी, अशी शिफारस पील समितीने १९७० मध्ये केली. १९७४ च्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्ये सु. ४० टक्के प्रसूती प्रवर्तित होत्या. दशकापूर्वी हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. मुदत उलटणे, रक्तदाब वाढणे ही कारणे खरीच. पण केवळ त्यांनी एवढी वाढ उलगडत नाही. प्रवर्तित वेणा अधिक असह्य असतात व आपणांस विचारले जात नाही, अशी स्त्रियांची तक्रार होती. तिला वृत्तपत्रांतून वाचा फुटली.

संख्याशास्त्रज्ञ ॲलिसन मॅक्‌फार्लेन यांनी १९७०–७६ मधील जन्मनोंदी तपासून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शनिवार-रविवारी व सार्वजनिक सुट्ट्यांना जन्म कमी होत. मृतजन्म व पहिल्या आठवड्यातील मृत्यू यांचे प्रमाण मात्र त्या दिवशी अधिक असे. यावरून सुट्टीच्या दिवशी हेळसांड होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. योजलेल्या प्रसूती कामाच्या दिवशी उरकल्यावर सुट्टीच्या वाट्याला तातडीच्या प्रसूती तुलनेने अधिक येतात. परंतु निसर्गास आठवड्याचे वार ठाऊक नाहीत, हेही तितकेच खरे.

प्रवर्तन नेहमीच अनिष्ट असते असे नाही. अमेरिकेत ६,१०६ प्रथम गर्भवतींवर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९ व्या आठवड्यातील प्रवर्तनाने सिझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण २२·२ वरून १८·६ टक्क्यांवर आले. इंग्लंडमधील २००५–१४ या काळातील नोंदींनुसार आपोआप होणारे जन्म पहाटे चारच्या सुमारास सर्वाधिक, योजित सिझेरियन कामाच्या दिवशी सकाळी, तर प्रवर्तित जन्म मध्यरात्रीच्या सुमारास व सुट्टीच्या आदल्या दिवशी अधिक आढळतात.