दिवाळीत बुजवलेली चीर गुढीपाडव्याला पुन्हा का दिसते? रंगाआधी भिंत भरताना काय पाहावं

परभणी जिल्ह्यात घराला रंग दिला जातो तो बहुधा दिवाळीच्या तोंडावर. त्याआधी भिंतीतली खिळ्यांची भोकं आणि बारीक चिरा पुट्टीने बुजवल्या जातात. भोकं पुन्हा डोकं वर काढत नाहीत. चिरा मात्र अनेक घरांत गुढीपाडव्यापर्यंत त्याच जागी, त्याच रेषेत परत येतात. बोल लागतो तो रंगाला किंवा रंगाऱ्याला. कारण बऱ्याचदा घराखाली असतं.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातला हा भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराचा पाया उथळ असेल आणि मुरूम किंवा खडकापर्यंत गेलेला नसेल, तर तोही मातीबरोबर किंचित हलतो. अशा घरात भिंतीची चीर पावसाळ्याअखेर मिटत आलेली असते आणि उन्हाळ्यात उघडते. म्हणजे दिवाळीत ती सर्वांत अरुंद असताना भरली जाते. वाळलेली पुट्टी कडक असते, ताणली जात नाही. भिंत सरकली की ती तुटणारच.

म्हणून पुट्टीचं पाकीट फोडण्याआधी चीर हलते आहे की नाही, हे कळायला हवं. उपाय फुकटचा आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहायची आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. गवंडी चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवतात. काही महिन्यांत पट्टी तडकली किंवा चीर खुणेच्या पुढे गेली, तर भिंत अजून हलते आहे. सणाच्या घाईत एवढं थांबायला कुणी तयार नसतं, पण रंगाचा खर्च पाहता थांबणं स्वस्त पडतं.

गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार चिरा बहुतेक वेळा गिलावा वाळताना पडलेल्या असतात. त्यांची चिंता नको. ब्रिटनमधल्या बीआरई या बांधकाम संशोधन संस्थेच्या वर्गीकरणानुसार 1 मिलिमीटरपर्यंतची चीर रंगकामातच झाकली जाते आणि 5 मिलिमीटरपर्यंतची सहज भरता येते. त्याहून रुंद चीर, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वाढत जाणारी चीर, आणि कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत पडलेली चीर भरू नये, अभियंत्याला दाखवावी. शेवटच्या प्रकारात आतली सळई गंजून फुगलेली असू शकते. 21 मार्च 2024 च्या पहाटे हिंगोली, परभणी आणि नांदेड भागाला 4.5 रिश्टर तीव्रतेचा धक्का बसला होता. अशा धक्क्यानंतर नव्याने दिसलेली चीरही आधी दाखवून घ्यावी.

न हलणारी चीर तशीच वरून लिंपली तर टिकत नाही. पत्र्याच्या टोकाने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी उघडायची, सुटे पोपडे काढायचे, ब्रशने धूळ झाडायची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरायची असेल तर जागा हलकी ओली करायची, नाहीतर कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी ओढून घेतो. पाणी पाकिटावर दिल्याप्रमाणेच, साधारण किलोला 350 ते 400 मिलिलिटर. कालवलेला माल दोन-तीन तासांत संपवावा. घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून वापरू नये.

वर्षाला थोडी उघडझाप करणाऱ्या चिरेला ही पुट्टी चालत नाही. तिथे लवचीक अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर आणि त्यावर फायबरची जाळीदार पट्टी लावतात. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथली सरळ चीरही याच जातीची. तिथला गिलावा काढून कोंबडी जाळी ठोकून नव्याने केला, तर जास्त टिकतो.

भोकांचं काम सोपं. जुनी गिट्टी उपटून काढायची आणि खोल भोक सिमेंट-वाळूने किंवा फिलरने दोन-तीन थरांत भरायचं. पुट्टी पातळ थरासाठी असते. एका दमात जाड भरली की आकसून मध्ये खळगा पडतो. ओल असलेल्या भिंतीत पीओपी टाळावं, ते भुसभुशीत होतं. भिंतीवर पांढरा खार दिसत असेल तर आधी गळती शोधावी, पुट्टी नंतर.

घासताना एक धोका सहसा कुणी सांगत नाही. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा भारतात 90 पीपीएम आहे, पण तो नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

माळवदाच्या जुन्या घरातल्या मातीच्या भिंतीला सिमेंटची पुट्टी धरत नाही, खपलीसारखी सुटते. तिथे तीच माती भुसा घालून मळायची, भरायची आणि वर चुना द्यायचा.

भरलेली जागा वाळून गुळगुळीत झाली की बॅटरीचा उजेड भिंतीला समांतर धरून उंचवटे तपासावेत. मग त्या ठिगळांवर प्रायमर मारावा, नाहीतर रंग तिथे जास्त शोषला जाऊन डाग दिसतात.